औषध दिलं की मारलं?

बाईंनी माझी पहिली मुलाखत नाकाने घेतली. शेंद्र्याच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती आणि मी शहरात खोली शोधत हिंडत होते. दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी आलं की गल्लीत सण असायचा. ज्या घरी जावं तिथं घरमालकीण आधी विचारायची, "पाणी किती लागतं तुम्हाला?" आणि माझे लांब केस बघून दार पुढं करायची. उस्मानपुऱ्यातल्या या घराचं दार मात्र पूर्ण उघडलं. सुती पातळ, दोरी बांधून गळ्यात सोडलेला चष्मा आणि एका हातात चाळणी अशा बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचं काहीच विचारलं नाही. माझ्या ओढणीचं टोक धरलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "कुठल्या कापसाची?"

"दुकानातून घेतलीय," मी म्हणाले.

"दुकानात कापूस उगवतो का?"

खरं तेच सांगितलं की मला माहीत नाही.

"दहापैकी चार. खरं बोललीस म्हणून पाच. सामान घेऊन ये," बाई म्हणाल्या आणि चाळणी घेऊन आत गेल्या. मी त्यांच्या ओट्यावरच मटकन बसले. इतक्या कमी गुणांत पास होऊन इतका आनंद मला कॉलेजातही झाला नव्हता.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेंद्र्याच्या पुढे त्यांची सासरची जमीन होती. त्यातली अर्धी औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्या पैशातून उस्मानपुऱ्यातल्या घरावर मजला चढला. त्यामुळे बाईंच्या लेखी तो मजला म्हणजे जमीनच होती. माझ्या खोलीचं वर्णन त्या पाहुण्यांना असं करायच्या, "ही माझ्या पूर्वेच्या बांधावर राहते." उरलेल्या अर्ध्या जमिनीत त्या कापूस लावत, तोही देशी वाणाचा आणि एक थेंब विष न फवारता. ते वावर त्यांचा पुतण्या दत्ता बघायचा.

गुण देण्याची खोड मात्र शाळेतून घरी आली होती. दूधवाल्याला गुण, टँकरवाल्याला गुण, बातम्या देणाऱ्या मुलीला तर रोज. पण पैकीच्या पैकी कुणालाच नाहीत. "भाषेत पैकीच्या पैकी मिळत नसतात," असं त्या ठामपणे सांगायच्या. पुढे मोठा अधिकारी झालेला त्यांचा एक विद्यार्थी पेढे घेऊन आला, पाया पडला, आणि "बाई, माझ्याकडून आपला आशीर्वाद घेतला गेला" असं काहीतरी बोलला. बाईंनी पेढा खाल्ला आणि त्याचे दोन गुण कापले. बिचारा हसत हसत गेला, पण जिन्यावर ते वाक्य पुन्हा मनाशी जुळवून बघत होता हे मी वरून पाहिलं.

स्कूटीवर मागे बसल्या की बाई रस्त्यावरच्या पाट्या दुरुस्त करायच्या. जालना रोडला तेव्हा रोज नवी दुकानं, नवे शोरूम, नवे मंगल कार्यालयांचे फलक उगवत होते. शहर वाढत होतं आणि बाईंच्या मते ते सगळं ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करत वाढत होतं. मागून सारखा आवाज यायचा. "फर्नीचर! अगं, नि पहिली!" सिग्नलला शेजारचा रिक्षावाला दचकून स्वतःच्या रिक्षावर काय लिहिलंय ते वाकून बघायचा. मी पुढच्या गाड्यांकडे बघत मान ताठ ठेवायची सवय करून घेतली.

पण या साऱ्या चुका बाईंना माफ होत्या. एकच चूक माफ नव्हती. ती म्हणजे पिकावर फवारतात त्याला "औषध" म्हणणं.

आपल्याकडे सगळा मुलूख तोच शब्द वापरतो. औषध मारलं, औषधाची बाटली आणली, औषधाचा पंप पाठीवर घेतला. मी स्वतः रसायनं शिकलेली, पण माझ्याही तोंडात तेच. एकदा मी सहज म्हणाले, "बाई, हल्ली कपाशीवर फार औषध मारतात ना?" बाईंनी भाजी चिरायची थांबवली.

"कुणाला बरं करायला?"

"म्हणजे?"

"औषध म्हणालीस म्हणून विचारलं. कोण आजारी आहे?" मग विळी बाजूला सरकवून त्या नीट माझ्याकडे वळल्या. मी ओळखलं, आता तास सुरू झाला. "क्रियापद बघ. औषध देतात. औषध घेतात. औषध पाजतात. औषध कधी मारतात का? मारतात ते विष. भाषा खोटं बोलत नाही गं, आपण बोलतो. नाम बदललं, पण क्रियापद तसंच राहिलं आणि चोर सापडला."

मी आजवर ऐकलेलं व्याकरणाचं हे सर्वांत उपयोगी वाक्य होतं. त्या दिवसापासून मीही "विष" म्हणू लागले. कारखान्यात माझ्या टेबलावरच्या लोकांना वाटलं, माझं घरी काही बिनसलं आहे.

बाईंचंही असंच व्हायचं. त्या फोनवर मोठ्याने बोलत. एकदा अंगणातून त्या दत्ताला ओरडल्या, "विष आणलंस तर याद राख! मी जिवंत आहे तोवर या घरात विष येणार नाही!" पाच मिनिटांत शेजारचं जोडपं धावत आलं, मागून कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला, आणि सगळे बाईंना समजावू लागले की संसारात असं चालायचंच. बाईंनी सगळ्यांना बसवलं, चहा दिला आणि क्रियापद समजावून सांगितलं.

त्यांच्याकडे स्वतःचं एक औषध होतं, आणि तेवढ्यालाच त्या औषध म्हणत. ते म्हणजे निंबोळीचा अर्क. उन्हाळा सरताना कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडला की बाई पहाटे पिशव्या घेऊन निघायच्या आणि आम्हा भाडेकरूंनाही सोबत न्यायच्या. उस्मानपुऱ्यातलं एकेक झाड त्यांच्या ओळखीचं होतं. दरवर्षी मात्र चालावं जास्त लागायचं. कुठं रस्ता रुंद झालेला, कुठं बंगल्याच्या जागी इमारत उभी राहिलेली. झाड नसलेल्या जागी बाई क्षणभर थांबायच्या, "इथं एक चांगलं होतं," एवढंच म्हणायच्या आणि पुढे निघायच्या. फिरायला आलेले लोक वळून वळून बघायचे. चांगल्या घरातली बाई रस्त्यावर काय वेचतेय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट असायचा.

त्या निंबोळ्या मग गच्चीवर जुन्या पातळांवर वाळत पडायच्या, नेमक्या माझ्या कपड्यांच्या दोरीखाली. पुढे त्या कुटून भिजत घातल्या जायच्या तेही माझ्या खिडकीखालीच. तो वास सांगून कळणार नाही. कडू, तेलकट, नाकात शिरला की तिथंच मुक्काम करणारा. माझ्या ओढणीला तो, उशीला तो, केसांना तो. प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन, "उवा झाल्यात का गं?" असं मायेने विचारलं. मी खोली बदलायचा विचार कितीदा केला. पण पाण्याचं काही न विचारणारी घरमालकीण पुन्हा मिळणार नव्हती.

एकदा मी चिडून त्यांच्याशी वाद घातला. माझ्या शिक्षणाचा सगळा जोर लावला. "बाई, कापूस पिंजून, कातून, धुऊन, रंगवून त्याचं कापड होतं. तोवर त्यातलं फवारलेलं बहुतेक निघून जातं. तुमच्या नाकाला ओढणीत जो वास येतो तो खळीचा असतो."

मला वाटलं, बाई भडकतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "निघून जातं हे मान्य. जातं कुठं?"

मी हातातली ओढणी उगाच झटकली.

"मी उशीवर झोपणाऱ्याची काळजी करत नाही. येत्या रविवारी वावरात चल."

गेले. वेचणी चालू होती. पाऊस अर्ध्यातच रुसलेला, बोंडं लहान, पण पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी होती. आसपासची वावरं पिवळी पडत होती. दुपारी वेचणाऱ्या बाया बांधावर बसल्या, भाकऱ्या सोडल्या आणि तशाच हातांनी खायला लागल्या. मी न राहवून विचारलं, हात नाही धुवायचे का?

त्यातली एक म्हातारी हसली. "पाणी पेयाला नाय माय, हाताला कुठून आणू? हितं चालतंय बाईच्या वावरात. दुसरीकडं हात लुगड्याला पुसून खातो आमी, तर भाकरीला वास मारतो अन् हाताची आग होती रातभर."

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या पलीकडे कापसातला काडीकचरा निवडत बसल्या होत्या. दुष्काळात विष धुवायलाही पाणी नसतं, ही साधी गोष्ट मला कुठल्याच पुस्तकाने सांगितली नव्हती. त्या दिवशी बांधावर मीही तशाच हातांनी जेवले, मला जेवण गोड लागलं आणि परत आल्यावर मी निमूट निंबोळ्या उलथल्या.

पिकतं कमी, हे बाई लपवत नसत. बाजारात त्यांच्या कापसाला कुणी वेगळं विचारतही नसे. सगळ्यांच्या ढिगात तोही जाऊन पडायचा. म्हणून थोडा कापूस त्या घरी ठेवून घेत आणि जुन्या शहरातल्या एका पिंजाऱ्याकडून त्याच्या उशा करून घेत. तो म्हातारा म्हणायचा, "बाई, तुम्हारा कापूस पिंजते वक्त छींक नै आती." एवढ्या प्रमाणपत्रावर बाई महिनाभर खूष असायच्या. यावर रसायनशास्त्राला बरंच बोलता आलं असतं, पण मी गप्प बसायला शिकले होते. खोली सोडताना प्रत्येक भाडेकरूला एक उशी मिळायची. माझी अजून माझ्यापाशी आहे. तिच्यावर डोकं ठेवलं की आजही छाती आपोआप सैल होते. ते कापसामुळे होतं की त्या एका दिवसाच्या आठवणीमुळे, हे ठरवायला मी जात नाही.

त्या दिवसाबद्दल सांगायचं तर आधी दोघांची ओळख करून द्यायला हवी.

एक दत्ता. बाईंच्या दिराचा मुलगा. शेंद्र्याला एका कंपनीत पाळीवर कामाला जायचा आणि उरलेल्या वेळात वावर बघायचा. अंगाने दांडगा, बोलायला हळू. बाईंच्या वर्गात शिकला आणि दहावीला मराठीतच नापास झाला. गणितात निघाला, इंग्रजीतही काठावर निघाला, पण मराठीत गेला. हे शल्य बाईंच्या मनातून कधी गेलं नाही. दत्ता समोर आला की त्या त्याचं एकेक वाक्य दुरुस्त करत आणि तो प्रत्येक वेळी मान हलवून, "व्हय काकू," म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात तीच चूक करायचा. "समदं गाव औषध मारायलंय काकू, आपल्या पऱ्हाटीवर मावा पडलाय. एकडाव मारू द्या." बाई म्हणायच्या, "काय मारू देऊ?" "औषध." "काय?" "बरं, विष." "मग नाही." "व्हय काकू." हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेत म्हणू शकेन.

दुसरा धोंडिबा. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारा. कापूस वेचून झाला की बाई आपलं वावर त्याच्या मेंढरांना मोकळं करत. मेंढरं पऱ्हाटीचा पाला खात, रात्री तिथंच बसत, आणि जमिनीला खत मिळे. बाई त्याला वर ज्वारी देत. आदल्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या फवारलेल्या वावरात चरून धोंडिबाच्या बऱ्याच मेंढ्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. तेव्हापासून तो कापसाच्या वावराकडे बघतही नव्हता. बाईंनी त्याला बोलावून सांगितलं होतं, "माझ्या वावरात डोळे मिटून घाल. शब्द देते." बाईंसारखी माणसं शब्द देतात तेव्हा तो फार जड असतो.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी खालून बाईंचा फोनवरचा आवाज आला. "काय? काल? अरे ऐक..." मागोमाग त्यांचा फोन पुन्हा वाजला आणि या वेळी त्या काही बोलल्याच नाहीत. मी जिन्यात आले तर त्या अंगणात उभ्या होत्या आणि चष्मा गळ्यात असूनही तो शोधत होत्या.

"दत्तानं औषध मारलं," त्या म्हणाल्या.

औषध आणि मारलं ही जोडी बाईंनी स्वतः वापरलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कळलं ते असं. दत्ताने पाळीवर जाता जाता कंपनीच्या गेटवरून घाईत सांगितलं होतं की काल सगळ्या पऱ्हाटीचं काम उरकलं, आणि फोन गेटवर जमा करून तो आत गेला होता. आणि दुसरा फोन धोंडिबाचा होता. कुठंच चारा उरला नाही म्हणून तो ठरल्यापेक्षा आधीच आला होता. शेवटची वेचणी बाकी होती, पण दोन बोंडं गेली तर जाऊ देत, असं बाईंनीच त्याला मागे सांगून ठेवलं होतं. तो आनंदाने सांगत होता, "मास्तरीनबाई, मेंढरं घातली बगा वावरात. लई दिसांनी पोटाला लागंल त्येंच्या." बाईंनी तोंड उघडेपर्यंत फोन बंद पडला आणि मग लागलाच नाही.

कंपनीच्या गेटवर मी फोन केला. निरोप देतो म्हणाले, कधी ते सांगेनात. गावात दोघांना लावला. एकाचा लागला नाही, दुसरा नेमका शहरातच आलेला होता. मी स्कूटी काढली. बाई चप्पल उलटी घालून मागे बसल्या.

क्रांती चौक गेला, सिडको गेलं, मुकुंदवाडी गेली. बाईंनी एकही पाटी दुरुस्त केली नाही. चिकलठाण्यापाशी एका भल्या मोठ्या फलकावर "शूभारंभ" लिहिलं होतं, इतकं ढळढळीत की माझ्याही डोळ्यांत गेलं. मी मुद्दाम वेग कमी केला. मागून काही आवाज नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. एकदाच त्या माझ्या खांद्याशी तोंड आणून म्हणाल्या, "त्याला मीच डोळे मिटून घाल म्हणाले गं."

वावर दिसलं आणि मेंढरंही दिसली. पऱ्हाटीच्या ओळींमधून सगळीकडे पांढऱ्या-काळ्या पाठी. बाई स्कूटी थांबायच्या आत उतरल्या, एक चप्पल रस्त्यातच राहिली, आणि त्या ढेकळांतून ओरडत धावल्या, "काढ! धोंडिबा, काढ बाहेर! विष मारलंय!"

धोंडिबा बाभळीखाली बसला होता. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा बघवेना. त्याने शीळ घातली, त्याची बायको पलीकडून धावली, मीही हात पसरून जमेल तशी मेंढरं हाकू लागले. सगळा कळप पडीक जागेत आला. धोंडिबा एकेक मेंढीचा जबडा उघडून बघत होता.

"फेस नाय," तो पुटपुटला. "अजून फेस नाय." मग बाईंकडे न बघताच म्हणाला, "मास्तरीनबाई, तुमी म्हणल्या म्हून घातली."

बाईंनी जवळच्या एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवला.

"पर एक हाये," धोंडिबाची बायको म्हणाली. ती एका कोकराला पोटाशी धरून होती. "खायलीच कुठं ती? तोंड लावायली अन् सोडून द्यायली. म्या मगाधरनं म्हणायले ह्यास्नी, काहून तोंड फिरवायलेत उपाशी असून? बांधाचं गवात तेवढं खाल्लं."

मी पुन्हा ओळीत शिरले. एक पान तोडलं आणि नाकाशी नेलं. बाईंनी माझ्या ओढणीचं टोक नेलं होतं, अगदी तसंच. कडू, तेलकट, नाकात मुक्काम करणारा तो वास. माझ्या उशीचा, माझ्या केसांचा, माझ्या खिडकीखालचा वास.

"बाई!" मी किंचाळले. "निंबोळी! बाई, ही आपली निंबोळी आहे!"

बाई धावत आल्या. पान हातात घेतलं, वास घेतला, पुन्हा घेतला. "माझ्या नाकाचा भरवसा नाही आता," म्हणाल्या, आणि मी हात धरेपर्यंत त्यांनी ते पान तोंडात टाकून चावलंसुद्धा. माझ्यातली रसायनवाली तिथंच अर्धमेली झाली. बाईंचं तोंड वेडंवाकडं झालं. डोळे मिटले.

"कडू," त्या म्हणाल्या. "कडू गं. कडूजहर!" आणि बांधावर बसून हसत सुटल्या. हसता हसता रडू लागल्या. धोंडिबाने आपल्या कॅनमधलं पाणी त्यांना चूळ भरायला दिलं. त्या वर्षात पाणी देणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग तोही धपकन बसला आणि पागोट्याच्या टोकाने तोंड पुसू लागला. मी तर सरळ मातीत आडवी झाले. वर स्वच्छ, कोरडं, एक ढग नसलेलं आभाळ होतं. त्याच आभाळाला आम्ही महिनोन् महिने शिव्या घातल्या होत्या, पण त्या घटकेला ते मला भलतंच देखणं वाटलं. सगळी जिवंत होती. एकूण एक.

दुपारभर आम्ही हललो नाही. धोंडिबाच्या बायकोने चुलीवर चहा केला. पाण्याचा शिडकावा करून खालचा थोडा पाला धुऊन बघितला तर दोन मेंढ्यांनी तो खाल्ला. बाकीची बांधावर पांगली. बाई मधूनच उठून एखाद्या मेंढीजवळ जायच्या, तिच्याकडे बघत राहायच्या आणि परत येऊन बसायच्या.

पाळी संपल्यावर दत्ता मोटारसायकल उडवत आला. त्याला निरोप नीट मिळालाच नव्हता. काकू वावरात आल्यात, पटकन या, एवढंच कळलं होतं. सगळ्यांना चहा पिताना बघून तो गोंधळला.

बाई उठल्या. आता भीती गेली होती आणि तिच्या जागी राग यायला मोकळी जागा झाली होती. "सकाळी काय सांगितलंस मला फोनवर? काय सांगितलंस?"

"पऱ्हाटीचं सांगितलं की, काकू."

"औषध मारलं म्हणालास! जीव गेला असता माझा. निंबोळीचा अर्क म्हणता येत नाही?"

दत्ता खाली बघत राहिला. मग हळूहळू, एकेक शब्द निवडत म्हणाला, "तुमीच सांगितलंय नव्हं? निंबोळीचं तेवढं औषध, बाकी समदं विष."

"ते तू कधी ऐकलंस का?"

"न ऐकून कसं? इतकी वर्सं तेच तर सांगायल्या." त्याने आपले तळहात पुढे केले. "कंपनीत आमाला हातमोजे देतेत, तोंडाला बांधायला देतेत. साधा रंग असतो तिथं, तरी देतेत. हितं वावरात कोण देतंय? म्हणलं काकूचं बरुबर हाये. गच्चीवरल्या दोन गोण्या नेल्या अन् रातच्याला भिजू घातल्या."

"मग मारलं का म्हणालास?" बाईंचा आवाज आता तितका चढा नव्हता.

"मारलं नाय म्हणलो काकू." दत्ताने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "'पऱ्हाटीला औषध दिलंय', असं म्हणलो. दिलंय. मारलंय म्हणलो असतो तर तुमी फोनातून कान धरला असता माझा."

बाई उभ्या होत्या तिथं हळूच बांधावर बसल्या. जन्मभर क्रियापदं ऐकत आलेल्या बाईंनी त्या सकाळी फक्त नाम ऐकलं होतं. फोनवर दत्ता होता ना! तो बरोबर बोलेल, ही शक्यताच त्यांच्या कानांना ठाऊक नव्हती.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांनी धोंडिबाकडे बघून म्हटले की दत्ताकडे बघून, ते मला कळलं नाही. मग बराच वेळ त्या पातळाला चिकटलेली कुसळं काढत राहिल्या.

"पैकीच्या पैकी," त्या अखेर म्हणाल्या.

दत्ता बावचळला. "कशात, काकू?"

"मराठीत," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला पदर शोधू लागल्या.